दहावीचं गणित: येतं तरी मार्क का जातात, आणि पेपर लिहायची सवय कशी लावायची

दहावीच्या मुलांचे सराव पेपर तपासायला बसलं की तेच तेच दिसतं. जो मुलगा क्लासमध्ये फळ्यावर उदाहरण दिलं की पटकन सोडवून दाखवतो त्याच्याच पेपरात तेच उदाहरण अर्धवट असतं, कुठे चिन्ह चुकलेलं, कुठे एककच नाही, कुठे शेवटचं वाक्य राहिलेलं. आणि पालक भेटले की म्हणतात, सर, येतं हो त्याला सगळं, फक्त सिली मिस्टेक होतात. आता या सिली मिस्टेक म्हणून आपण ज्या सोडून देतो ना, चांगला अभ्यास केलेल्या मुलांचे सगळ्यात जास्त मार्क त्यातच जातात, आणि "लक्ष देऊन सोडव रे" असं शंभरदा सांगून त्या कमी होत नाहीत. पेपर लिहिणं ही गणित येण्यापेक्षा वेगळी गोष्ट आहे आणि ती वेगळी शिकावी लागते. तपासणाऱ्याला तुमच्या डोक्यात काय होतं ते दिसत नाही, त्याच्या हातात फक्त तुमचा कागद असतो, त्यावर जे आहे त्याचेच मार्क.

मी इथे महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीबद्दलच लिहितोय, म्हणजे भाग १ बीजगणित आणि भाग २ भूमिती, दोन्ही ४० मार्कांचे, प्रत्येकी २ तास. सीबीएसईवाल्यांना यातलं बरंचसं चालेल पण पेपरची रचना वेगळी आहे हे लक्षात ठेवा.

आधी पेपर कसा असतो ते नीट बघा

बरीच मुलं डिसेंबरपर्यंत सगळे धडे संपवतात पण पेपरची रचना विचारली की अडखळतात. दोन्ही भागांना सारखीच आहे. प्रश्न १ ला ८ मार्क, त्यात ४ बहुपर्यायी आणि ४ एकेका मार्काचे छोटे. प्रश्न २ ला १२, त्यात ३ पैकी २ कृती (म्हणजे अर्धवट सोडवून दिलेली, चौकटी भरायची उदाहरणं) आणि ५ पैकी ४ उदाहरणं, सगळी दोन-दोन मार्कांची. प्रश्न ३ ला ९, म्हणजे २ पैकी १ कृती आणि ४ पैकी २ उदाहरणं, तीन-तीन मार्कांची. प्रश्न ४ ला ८, ३ पैकी २ सोडवायची, चार-चार मार्कांची. आणि प्रश्न ५ ला ३, २ पैकी १.

आता बेरीज करून बघा. पहिले दोन प्रश्न मिळून २० होतात, म्हणजे अर्धा पेपर एक आणि दोन मार्कांच्या उदाहरणांचा आहे. मुलं मात्र महिनोन्महिने चार मार्कांच्या अवघड उदाहरणांच्या मागे लागतात आणि अर्धा पेपर "ते तर सोपंच असतं" म्हणून गृहीत धरतात. ज्याला गणिताची धास्ती आहे त्याने तर आधी फक्त प्रश्न १ आणि २ पक्के करायचे, सगळ्या धड्यांतले, मग पुढचं. आणि ज्याला पैकीच्या पैकी पाहिजेत त्यानेही इथे एकही मार्क जाऊ द्यायचा नाही, कारण प्रश्न ४ मधली उदाहरणं बरेचदा पुस्तकातली जशीच्या तशी नसतात, तिथे एखादा मार्क जाऊ शकतो हे धरूनच चालायचं असतं.

पेपरच्या वरती ज्या सूचना छापलेल्या असतात त्या कोणी वाचत नाही. त्यातली एक फार महत्त्वाची आहे, बहुपर्यायी प्रश्नाचं पहिल्यांदा लिहिलेलं उत्तरच ग्राह्य धरतात. म्हणजे आधी बी लिहिलं, मग खोडून सी केलं, तर सी बरोबर असूनही उपयोग नाही. म्हणून आधी कच्चं काम, खात्री, आणि मगच उपप्रश्नाचा क्रमांक टाकून फक्त पर्यायाचं अक्षर लिहायचं. दुसरी सूचना भूमितीतली, रचनेच्या खुणा पुसायच्या नाहीत. तिसरी, प्रमेयाच्या सिद्धतेला आकृती पाहिजेच. हे सगळं बोर्ड स्वतः छापून देतंय, तरी दरवर्षी मुलं कर्कटकाने काढलेले चाप खोडरबरने पुसून स्वच्छ आकृती ठेवून येतात, वाईट वाटतं बघून.

वेळेचा हिशोब

१२० मिनिटं आणि ४० मार्क, म्हणजे एका मार्काला ३ मिनिटं. पण सराव करताना अडीच मिनिटांचाच हिशोब धरायचा, म्हणजे १०० मिनिटांत लिहून होतं आणि २० मिनिटं तपासायला उरतात. २०२३ पासून बोर्डाने पेपर सुरू व्हायच्या आधीची १० मिनिटं बंद करून ती शेवटी जोडून दिली, पण त्या दहा मिनिटांच्या भरवशावर प्लॅन करू नका, ती मिळाली तर बोनस समजा. हाच हिशोब घेतला तर पहिला प्रश्न २० मिनिटांत आणि दुसरा पुढच्या अर्ध्या तासात, म्हणजे ११ ला सुरू झालेल्या पेपरात ११:५० च्या आसपास तुमचे २० मार्क लिहून झालेले असले पाहिजेत. प्रत्यक्षात पहिला प्रश्न याहून लवकर होतो, ती वाचलेली मिनिटं चौथ्या प्रश्नाला वापरायची.

आणि एखादं उदाहरण अडलं तर काय करायचं हे घरूनच ठरवून जायचं, तिथे बसून ठरवायचं नाही. माझा नियम असा की तीन मिनिटं पेन हललं नाही तर जागा सोडायची आणि पुढे जायचं. हो, पण कोरं सोडून जायचं नाही, दिलेली माहिती लिहा, सूत्र लिहा, किमती घालता येत असतील तर तेवढ्या घाला. बोर्डात पायरीला मार्क असतात, अर्धा अर्धा मार्क सुद्धा असतो, आणि पुढची पायरी आली नाही म्हणून आधीची पुसली जात नाही. कोऱ्या जागेला मात्र कोणीच काही देऊ शकत नाही.

पाचवा प्रश्न बहुतेकजण शेवटी ठेवतात आणि मग घाईत सोडतात. तो दिसायला वेगळा असतो म्हणून घाबरतात पण बऱ्याचदा त्यात आकडेमोड कमीच असते, एखादं उदाहरण स्वतः तयार करा, अट बदलली तर काय होईल ते सांगा, या टाइपचं. पेपर हातात आल्यावर पहिल्या दोन मिनिटांत प्रश्न ५ वाचूनच घ्यायचा, मग बाकीचं लिहिताना डोक्यात मागे त्याचा विचार चालू राहतो.

कृती म्हणजे फुकटचे मार्क, पण त्यांच्या पद्धतीने

प्रत्येक पेपरात ७ मार्कांच्या कृती असतात, अर्धं उत्तर छापूनच दिलेलं असतं आणि तुम्ही चौकटी भरायच्या. इथे हुशार मुलांचे मार्क जातात कारण ती आपल्या पद्धतीने सोडवून मोकळी होतात. कृतीत जी पायरी दिली आहे त्याच पायरीने जायचं, त्या चौकटीत त्यांना जे पाहिजे तेच येणार. पूर्ण कृती उत्तरपत्रिकेत उतरवायची आणि चौकट काढून आत लिहायचं, नुसती "१) ५ २) ७" अशी यादी करायची नाही. आणि आधी सगळी कृती शेवटपर्यंत वाचा, कारण पहिल्या चौकटीचं उत्तर काय असणार ते खालच्या ओळीवरून कळतं बऱ्याचदा.

चूक कशी पकडायची ते एकेका उदाहरणात बघू

"तपासून बघ" असं सगळे सांगतात पण कसं तपासायचं ते कोणी सांगत नाही, मग मुलं तेच उदाहरण परत त्याच डोळ्यांनी वाचतात आणि तीच चूक परत बरोबर वाटते. तपासणी दुसऱ्या रस्त्याने करावी लागते.

क्रेमरची पद्धत घ्या, म्हणजे दोन समीकरणं निश्चयक काढून सोडवायची. समीकरणं आहेत ४एक्स − ३वाय = ११ आणि २एक्स + ५वाय = −१. निश्चयक डी काढायचा, ४ × ५ वजा (−३) × २, म्हणजे २० + ६ = २६. इथेच निम्मी मुलं २० − ६ = १४ करतात कारण वजा तीन कंसात लिहिलेला नसतो. मग डीएक्स येतो ५५ − ३ = ५२, डीवाय येतो −४ − २२ = −२६, आणि एक्स = २, वाय = −१. ज्याने डी १४ काढला त्याचा एक्स येतो ५२ भागिले १४, असा काहीतरी विचित्र अपूर्णांक. पेपरात दरवेळी पूर्णांकच येतो असं नाही, पण असं विचित्र उत्तर दिसलं की ते तसंच लिहून पुढे जायचं नाही, थांबून डी परत बघायचा. आणि उत्तर छान आलं तरी मूळ समीकरणात घालून बघायचं, ८ + ३ = ११ बरोबर, ४ − ५ = −१ बरोबर. दहा सेकंद लागतात. दोन्ही समीकरणांत घालायचं हं, एकाच समीकरणात जुळणारं चुकीचं उत्तरही असू शकतं. आणि ऋण संख्या गुणाकारात आली की कंस टाकायचाच, ही एक सवय लागली तरी बीजगणिताचे दोन-तीन मार्क वाचतात.

सांख्यिकीतला मध्यक घ्या, हे माझं लाडकं उदाहरण आहे कारण इथे उत्तर स्वतःच सांगतं की मी चुकलोय. समजा एकूण वारंवारता ५०, तिच्या निम्मे २५, मध्यक वर्ग ४० ते ६०, त्या वर्गाची वारंवारता १२, आधीच्या वर्गाची संचित वारंवारता १८, वर्गांतर २०. मध्यक = ४० + (२५ − १८) ÷ १२ × २०, म्हणजे ४० + ११.६७ = ५१.६७. आता घाईत आधीच्या वर्गाऐवजी त्याच वर्गाची संचित वारंवारता ३० घेतली तर काय होतं, ४० + (२५ − ३०) ÷ १२ × २०, म्हणजे ४० − ८.३३ = ३१.६७. अरे पण मध्यक तर ४० ते ६० या वर्गात आहे असं तुम्हीच वरती लिहिलंय ना! उत्तर त्या वर्गाच्या बाहेर गेलं म्हणजे चूक नक्की. बहुलकालाही हीच कसोटी. आणि वर्ग १०-१९, २०-२९ असे दिले असतील तर आधी ते सलग करून घ्या, ९.५-१९.५ असे, हे विसरलं तर आकडेमोड बरोबर असूनही उत्तर चुकतं.

त्रिकोणमितीत चूक आकृतीत होते, गणितात नाही. ४० मीटर उंच मनोऱ्यावरून एक गाडी ३० अंशाच्या अवनत कोनात दिसते, गाडी किती लांब आहे? पुष्कळ मुलं वरच्या टोकाशी मनोऱ्याच्या भिंतीला लागून ३० अंश लिहितात आणि उत्तर येतं साधारण २३ मीटर. अवनत कोन हा नजरेच्या आडव्या रेषेपासून खाली मोजतात, म्हणून वरच्या टोकाशी एक आडवी रेषा पेन्सिलने काढायचीच काढायची, मग व्युत्क्रम कोनाने खाली गाडीजवळ ३० अंश येतो आणि अंतर ४० × १.७३ = ६९.२ मीटर. तपासायचं कसं? कोन ४५ असता तर अंतर आणि उंची सारखी असती. कोन ४५ पेक्षा लहान म्हणजे वस्तू लांब आहे, अंतर उंचीपेक्षा जास्त पाहिजे. २३ आलं की लगेच कळायला हवं की काहीतरी उलटं झालंय.

अशा एकेका धड्याच्या कसोट्या आपल्या आपण तयार करायच्या. संभाव्यता १ पेक्षा जास्त किंवा ऋण आली तर चूक. अंकगणिती श्रेढीत पदाचा क्रमांक एन अपूर्णांक आला तर एकतर चूक, नाहीतर ती संख्या त्या श्रेढीत नाहीच, प्रश्नात काय विचारलंय ते परत वाचा. निर्देशक भूमितीत मध्यबिंदू दोन बिंदूंच्या मधे पडतोय का ते कच्च्या आलेखावर दोन ठिपके मारून बघा. समरूप त्रिकोणात मोठ्या त्रिकोणाची बाजू छोटी आली तर गुणोत्तर उलटं धरलंय.

शाब्दिक उदाहरणात मार्क कुठे असतात

एक साधं उदाहरण घेऊ. दोन क्रमागत सम नैसर्गिक संख्यांचा गुणाकार १६८ आहे, संख्या काढा. तोंडी सांगणारी मुलं असतात, १२ आणि १४. पण पेपरात नुसतं "१२, १४" लिहिलं तर मार्क जातात. लिहायचं असं: पहिली सम नैसर्गिक संख्या एक्स मानू, म्हणून पुढची एक्स + २. दिलेल्या अटीनुसार त्यांचा गुणाकार १६८. समीकरण मांडा, सगळं एका बाजूला घ्या, अवयव पाडा, (एक्स + १४)(एक्स − १२) = ०, म्हणून एक्स = −१४ किंवा एक्स = १२. आता पुढची ओळ बहुतेक जण विसरतात: "पण नैसर्गिक संख्या ऋण नसते, म्हणून एक्स = −१४ अग्राह्य". आणि मग शेवटी पूर्ण वाक्य, "त्या संख्या १२ आणि १४ आहेत".

यातला "मानू" हा सुरुवातीचा भाग, अट लिहिणं, अग्राह्य किंमत कारणासकट सोडणं आणि शेवटचं वाक्य, या चारही गोष्टी गणित म्हणून अवघड नाहीत, फक्त लिहाव्या लागतात. वय, वेग, बागेची लांबी-रुंदी सगळीकडे हेच. आणि प्रश्नात काय विचारलंय ते शेवटी परत बघायचं, वडिलांचं वय विचारलं असतं आणि पोरगा मुलाचं वय काढून खाली दोन रेघा मारून मोकळा होतो.

अर्थनियोजनाच्या धड्यातली एक गोष्ट सांगतो. जीएसटीचे दर सप्टेंबर २०२५ मध्ये बदलले, पुस्तकात आणि जुन्या पेपरांत आधीचे १२ टक्के, २८ टक्के दिसतील. त्याने गोंधळायचं नाही, उदाहरणात जो दर दिलाय तोच घ्यायचा. करपात्र किंमत ८००० आणि दर १८ टक्के तर एकूण कर १४४०, त्यातला निम्मा ७२० सीजीएसटी (केंद्राचा) आणि ७२० एसजीएसटी (राज्याचा). शेअर्सच्या उदाहरणात दलालीवरचा जीएसटी हा फक्त दलालीवर असतो, शेअरच्या पूर्ण किमतीवर नाही, आणि खरेदी असेल तर दोन्ही मिळवायचे, विक्री असेल तर दोन्ही वजा करायचे. हा धडा सोपा आहे, मार्क मिळवून देणारा आहे, पण वाचायला लांबलचक वाटतो म्हणून मुलं टाळतात.

आकडेमोड: गुणाकार शक्य तेवढा लांबवा

कॅल्क्युलेटर चालत नाही. तरी मुलं महत्त्वमापनात लगेच गुणाकार करायला धावतात. शंकूची त्रिज्या २१ सेमी, उंची २८ सेमी, घनफळ काढा. मांडणी अशी, १/३ × २२/७ × २१ × २१ × २८. इथे २१ चा वर्ग ४४१ करून मग त्याला २८ ने गुणून मग २२ ने गुणणारी मुलं आहेत, पाच आकडी सहा आकडी संख्या होतात आणि मधेच कुठेतरी हातचा राहतो. त्यापेक्षा आधी छेद द्या, ३ ने एक २१ कापला की ७, सात ने २८ कापला की ४, उरलं २२ × ७ × २१ × ४ = १२९३६ घनसेमी. सगळं एका ओळीत मांडायचं, काटाकाटी करायची, गुणाकार सगळ्यात शेवटी. पाय (π) ची किंमत प्रश्नात दिली असेल तीच घ्या, दिली नसेल आणि मापं ७ च्या पटीत असतील तर २२/७ सोयीचं. आणि एकक लिहा, पृष्ठफळाला चौसेमी, घनफळाला घनसेमी.

भूमितीचा पेपर

भूमितीत हात आधी आकृतीकडे गेला पाहिजे. प्रश्नपत्रिकेत आकृती दिली असली तरी ती आपल्या उत्तरपत्रिकेत काढायची, पेन्सिलने, जरा मोठी, आणि दिलेल्या सगळ्या गोष्टी तिच्यावर खुणा करून टाकायच्या, सारख्या बाजूंना सारख्या रेघा, काटकोनाची चौकट, मापं. प्रमेय असेल तर पक्ष, साध्य, लागत असेल तर रचना, आणि मग सिद्धता. पाठ करून लिहिणाऱ्याचं प्रमेय लगेच ओळखू येतं, पेपरातल्या आकृतीत अक्षरं वेगळी आणि सिद्धतेत पुस्तकातली अक्षरं! म्हणून घरी सराव करताना मुद्दाम अक्षरं बदलून प्रमेय लिहा.

प्रत्येक विधानाच्या समोर कंसात कारण पाहिजे, समान कोन म्हटलं तर का समान, संगत कोन की सामाईक कोन की एकाच कंसातील आंतरलिखित कोन. त्रिकोण समरूप लिहिले की कोणत्या कसोटीने, कोको, बाकोबा की बाबाबा (को म्हणजे कोन, बा म्हणजे बाजू) ते लिहा. आणि त्रिकोणांची नावं लिहिताना शिरोबिंदूंचा क्रम संगतीप्रमाणे ठेवा, हे कंटाळवाणं वाटतं पण क्रम बरोबर असला की पुढची गुणोत्तरं आकृतीकडे न बघता नुसत्या नावावरून लिहिता येतात, पहिलं-दुसरं अक्षर, दुसरं-तिसरं अक्षर. क्रम चुकला की पुढची सगळी गुणोत्तरं चुकतात.

भौमितिक रचनेला आधी कच्ची आकृती काढा, तिच्यावर मापं लिहा, मग पक्की. वर्तुळाला बाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढायची असेल तर कच्च्या आकृतीतच दिसतं की केंद्र आणि बिंदू जोडायचे आणि त्या रेषाखंडाचा लंबदुभाजक लागणार. पेन्सिल टोकदार, चाप पुसट पण दिसणारे. रचना हा हमखास मार्क मिळवून देणारा भाग आहे आणि तो फक्त हाताच्या सवयीवर आहे, वाचून येत नाही, महिनाभर रोज एक काढली तर पुरे.

घरी सराव कसा करायचा

पुस्तकातलं उदाहरण सोडवणं आणि उत्तर पाठीमागे बघणं हा अभ्यास झाला, पेपरचा सराव नाही झाला. जानेवारीपासून आठवड्याला निदान एक पेपर पूर्ण दोन तास, घड्याळ लावून, मोबाईल दुसऱ्या खोलीत, शक्यतो सकाळी ११ वाजताच, आणि वहीत नाही तर फुलस्केपवर. मागच्या वर्षांचे बोर्डाचे पेपर सगळीकडे मिळतात, ते आधी संपवा, मग बाकीच्यांचे सराव पेपर.

पेपर झाल्यावर खरं काम सुरू होतं. लाल पेन घ्या, स्वतः तपासा, कडक तपासा, एकक नाही तर अर्धा कापा. मग गेलेल्या प्रत्येक मार्कासमोर लिहा की तो का गेला. तीनच कारणं असतात: माहीतच नव्हतं, माहीत होतं पण लिहिताना चुकलं, किंवा वेळ पुरला नाही. या तिन्हींचा इलाज वेगवेगळा आहे. माहीत नव्हतं तर तो धडा परत करा, सरांना मॅडमना विचारा. वेळ पुरला नाही तर कुठल्या उदाहरणात अडकलात ते बघा आणि तीन मिनिटांचा नियम पाळा. आणि लिहिताना चुकलं असेल तर ती चूक एका छोट्या वहीत एका ओळीत लिहून ठेवा, "डी काढताना वजा तीनला कंस नाही टाकला", "पान उलटल्यावर ६ चा ० झाला", "मध्यकात आधीची संचित वारंवारता". चार-पाच पेपर झाले की दिसतं, तुमच्या चुका शंभर प्रकारच्या नसतातच, ठरावीक पाच-सहाच असतात आणि त्याच फिरून फिरून येतात. मग त्या वहीतली यादी परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी वाचायची, आणि पेपरात शेवटची १५-२० मिनिटं नेमकं तेवढंच तपासायचं. मी ज्या मुलांना ही वही करायला लावली त्यांच्यात ज्यांनी मनापासून केली त्यांचा फरक मला पेपर बघूनच कळतो.

पालकांना एक सांगायचंय. सराव पेपरनंतर पहिला प्रश्न "किती पडले" हा नको. "कुठे गेले आणि का गेले" हे विचारा, आणि पोराने चूक सांगितली की रागावू नका, नाहीतर पुढच्या वेळेपासून तो लाल पेन सैल हाताने चालवायला लागतो आणि मग सगळी मेहनत फुकट.

परीक्षा हॉलमधल्या बारीक गोष्टी

कच्चं काम उत्तराच्या शेजारीच उजवीकडे पेन्सिलने करा, शेवटच्या पानावर नको, तिथून इथे उतरवताना आकडे बदलतात. नवीन प्रश्न नवीन पानावर. उपप्रश्नाचा क्रमांक पेपरात जसा आहे तसाच, प्रश्न २ मधलं ए आणि बी नीट लिहा, तपासणाऱ्याला शोधावं लागलं की तुमचंच नुकसान. चुकलं तर एक सरळ रेघ मारून पुढे नवीन लिहा, गिरगटायचं नाही, व्हाइटनर नको. उदाहरण पानाच्या शेवटी अर्धं तुटत असेल तर पान उलटल्यावर शेवटची ओळ परत लिहून मग पुढे जा, चिन्हं आणि आकडे बदलायची सगळ्यात जास्त शक्यता तिथेच असते. सेमी-इंग्रजीच्या मुलांनी सवय असेल तसंच इंग्रजीत लिहावं, मधेच अर्धं मराठी अर्धं इंग्रजी करू नये.

बीजगणिताचा पेपर देऊन बाहेर आलात की गेटवर उत्तरं जुळवत उभं राहू नका. एखादं चुकलेलं कळलं तरी आता त्याचं काही करता येत नाही, आणि तो मूड घेऊन भूमितीला बसलात तर तिथलेही जातात. घरी या, जेवा, जरा झोपा, मग कंपासपेटी उघडा. दोन पेन्सिली टोक करून ठेवा, कर्कटकाचा स्क्रू घट्ट करा, त्यात पेन्सिल नीट बसते आहे का ते एक वर्तुळ काढून बघा, सुरू केलं तिथेच रेघ परत येऊन मिळाली पाहिजे. मग कोनमापक, गुण्ये, पट्टी, खोडरबर, हॉल तिकीट, आणि ती चुकांची वही वरच ठेवा.